शिबिरानंतरचा आठवा दिवस

मित्रहो, परदेशातील अनाथाश्रमांमध्ये वैद्यकीय स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांपुढे बोलायचे म्हटले की उत्साह वाढवणाऱ्या अनुभवकथनाची अपेक्षा असते. उत्साह तुमच्याकडे पुरेसा आहे, हे या भरलेल्या सभागृहावरून दिसतेच. म्हणून मी माझ्या फजितीपासून सुरुवात करतो.

पहिल्या दौऱ्यात आम्ही एका संस्थेत आठवडाभर शिबिर घेतले. मुलांच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर आणि कमरेभोवती बारीक पुरळ उठले होते आणि रात्री खाज वाढत होती. खरूज ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. समोर आलेल्या प्रत्येक मुलाला आम्ही ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावले, छायाचित्रे काढली आणि समाधानाने परतलो. मोठी मुले त्या वेळी शाळेत होती, स्वयंपाकघरातल्या बायकांना आम्ही विचारलेच नाही आणि अंथरुणे होती तशीच राहिली. एका छताखाली झोपणाऱ्या सर्वांवर, खाज असो वा नसो, एकाच दिवशी उपचार व्हावा लागतो, चादरी आणि कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी मलम पुन्हा लावावे लागते, हे मला विद्यार्थिदशेपासून पाठ होते. पण मलम पुन्हा लावण्याची वेळ आली तेव्हा आम्ही आपापल्या घरी होतो. महिन्याभराने तिथल्या परिचारिकेचा निरोप आला : सगळी मुले पुन्हा खाजवत आहेत, आणि तुम्ही ठेवून गेलेल्या ट्यूबांवर काय लिहिले आहे ते मला वाचता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या देणग्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ मध्येच प्रसिद्ध केली होती. औषध पोहोचल्यावर त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, वेष्टनावरचा मजकूर घेणाऱ्या देशातील आरोग्य कर्मचाऱ्यांना समजेल अशा भाषेत असावा, डॉक्टरांना फुकट मिळालेले नमुने किंवा रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या पाठवू नयेत, इतक्या साध्या गोष्टी त्यांत आहेत. आमच्या बॅगांमध्ये निम्म्याहून अधिक फुकटचे नमुनेच होते.

जंताच्या गोळीचेही असेच होते. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देणे सोपे, स्वस्त आणि छायाचित्रात शोभून दिसणारे काम आहे. पण अनेक देशांत ती शाळेतून ठरावीक दिवशी दिली जातेच. गोळी जास्तीची गेली तर सहसा मोठे बिघडत नाही. जीवनसत्त्व ‘अ’ची गोष्ट वेगळी आहे. एक ते पाच वर्षांच्या मुलाला द्यायचा २ लाख युनिटचा डोस चार ते सहा महिन्यांच्या अंतरानेच द्यायचा असतो, आणि मागचा डोस कधी दिला याची नोंद न पाहता आलेल्या प्रत्येक नव्या पथकाने तो पुन्हा पाजला, तर औषधाचेच विष होते. म्हणून तिथे पोहोचल्यावर स्टेथोस्कोप काढण्याआधी मुलांची लसीकरणाची कार्डे मागावीत आणि आपण जे केले ते त्याच कार्डावर, तिथल्याच भाषेत लिहवून घ्यावे. यजमान देशाच्या वैद्यक परिषदेची परवानगी हवी आणि घरी जे करायला तुम्ही पात्र नाही ते तिथेही करायचे नाही, यावर मी अधिक बोलत नाही. ज्याला हे समजावून सांगावे लागते, त्याने जाऊ नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्याच शिबिरात नऊ वर्षांची एक मुलगी तपासणीला आली. छातीत शिट्टीसारखा आवाज होता. मी दुभाष्यामार्फत विचारले, ‘तुझ्या आईला दमा होता का?’ दुभाषी क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, ‘ती म्हणते, होता नाही, आहे. गेल्या महिन्यात भेटायला आली तेव्हाही आईला धाप लागत होती.’ अनाथाश्रमातल्या मुलीची आई भूतकाळातच असणार, हे मी गृहीत धरले होते.

मी नंतर वाचले ते आधी वाचायला हवे होते. कंबोडियात २०११ च्या सुमारास झालेल्या पाहणीत अशा संस्थांतील चारांपैकी सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. मुले तिथे येतात ती गरिबीमुळे, शाळा जवळ नसल्यामुळे, आजारपण किंवा अपंगत्व घरच्यांना झेपत नसल्यामुळे. आणि पाहुण्यांच्या देणग्या जिथे ओघाने येतात, तिथे मुले गोळा करण्यात काहींचा फायदाही असतो. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्यावर चर्चा करताना या व्यवहाराची दखल घेतली होती. त्याआधी २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या तत्त्वांत, केवळ गरिबी हे मुलाला आईबापांपासून दूर करण्याचे कारण कधीही असू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. रोमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांतील १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने संगोपन करणाऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. त्या मुलांची बुद्धी आणि माणसांशी जडणारे नाते ही दोन्ही संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, विशेषतः जी दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली त्यांची. अनोळखी पाहुणा दिसताच धावत येऊन कमरेला मिठी मारणारे मूल आपल्याला फार गोड वाटते. बालमानसशास्त्र जाणणाऱ्याला मात्र त्या मिठीची काळजी वाटते, कारण कायमचे आपले माणूस न मिळालेले मूल कोणालाही असे बिलगू शकते.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघेच गेलो, औषधांच्या बॅगा न घेता. सरकारी दवाखान्यातली परिचारिका आणि त्या मुलीची आई एका बाकावर बसल्या होत्या. परिचारिकेने पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या बुडाला इनहेलरच्या तोंडाएवढे भोक पाडून तिचा स्पेसर, म्हणजे फवाऱ्यातले औषध श्वासाबरोबर नीट आत जावे म्हणून मध्ये धरायची नळी, केला होता. आईने बाटलीचे तोंड मुलीच्या ओठांत धरले, एक फवारा दाबला आणि चार-पाच श्वास मोजले. पहिल्यांदा घाई केली म्हणून परिचारिकेने तिचा हात धरून पुन्हा करायला लावले. मला करण्यासारखे काही उरले नव्हते. मी कोपऱ्यात बसून कार्डांवरची वजने नोंदवहीत उतरवून दिली.