शेवटचं पोर येईपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी सकाळी साडेसहाला कोल्हापुरातल्या आमच्या माळावर आलात, तर सायकलींच्या आधी फावड्यांचा आवाज ऐकू येईल. आठवडाभरात उंचवट्यांच्या कडा ढासळलेल्या असतात. त्या पोरं लाल माती आणि मुरूम घालून, वर पाणी शिंपडून थापून घेतात. मग सायकली निघतात.

बीएमएक्स म्हणजे वीस इंची चाकांची बुटकी सायकल. गिअर एकच, ब्रेक फक्त मागच्या चाकाला. फाटकावर आठ जण ओळीनं उभे राहतात, फाटक पुढं पडलं की सुटायचं. मोठ्या ट्रॅकची लांबी तीनशे-चारशे मीटर असते. त्यात मातीचे उंचवटे आणि कललेली वळणं असतात, आणि चाळीसेक सेकंदांत सगळं आटोपतं. 1970 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मोटरसायकलच्या शर्यतींची नक्कल करत हा खेळ सुरू केला. 2008 साली बीजिंगला तो ऑलिंपिकमध्ये गेला. आमचा ट्रॅक त्यामानानं लहान आहे आणि फाटक उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतलेलं.

माझा आजचा विषय मात्र नवीन पोरांचा आहे. पोरं येतात हो, भरपूर येतात. व्हिडिओ बघून येतात, मित्राच्या मागं बसून येतात. एक रविवार दिसतात, दुसरा रविवार दिसतात, तिसऱ्याला नसतात. पोरगं घाबरट असतं म्हणून जात नाही. पडून ढोपर फुटलेली पोरं पुढच्या रविवारी पट्टी बांधून हजर असतात. जातं ते, ज्याला कुणी विचारलं नाही ते.

मला हे एका आज्जीनं शिकवलं. तेवढं सविस्तर सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी आली, सोबत तिची आज्जी. नऊवारी नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि भडंगाची पुडी. मुलीची सायकल थोरल्या भावाची, तिला कॅरिअर, मडगार्ड, घंटी आणि स्टँड. तसल्या सायकलीनं ट्रॅकवर जाता येत नाही, पडलं तर स्टँड पोटरीत घुसतो. आमच्यातला एक दहावीचा पोरगा पाना घेऊन बसला आणि दहा मिनिटांत सगळं काढून टाकलं. आज्जीनं एकेक नट मोजून पदरात बांधून घेतला. "घरला जाताना परत लावायचं हाय," म्हणाली.

पुढं लावायला नंबरची पाटी नव्हती. त्या पोरानं रंगाच्या डब्याचं झाकण कापलं आणि मुलीला विचारलं, "कितवा नंबर पायजे?" तिनं शाळेतला हजेरीचा नंबर सांगितला. सदतीस. झाकणावर सदतीस लिहिलं, तारेनं हँडलला बांधलं. पाटीकडं बघताना तिचा जो चेहरा झाला, तो मला आजही दिसतो.

मग शर्यत. फाटक पडलं, सात जण गेले. ही पहिल्याच उंचवट्यावर थांबली. उतरली, सायकल ढकलत वर नेली, परत बसली. दुसऱ्या उंचवट्याला तेच. बाकीचे सात पोचून हेल्मेट काढून पाणी प्यायला लागले. आणि आम्ही काय केलं? पुढची आठ पोरं फाटकावर उभी केली. घड्याळ माझ्या हातात होतं. ऊन वाढायच्या आत तीन फेऱ्या उरकायच्या, एवढंच माझ्या डोक्यात. मी हात वर केला, आता फाटक सोडायचं.

पाण्याच्या ड्रमवर बसलेली आज्जी उठली. पदर खोचला, तरातरा चालत आली आणि फाटकासमोर, ट्रॅकच्या मधोमध उभी राहिली.

"काय वं, दार का उघडताय? पोरगी अजून मातीत हाय की माझी!"

मी म्हटलं, "आज्जी, बाजूला व्हा, वेळ होतोय."

"हू दे की. शेतात भांगलताना शेवटची बाई पातीच्या टोकाला येईस्तवर कुणी उठतंय काय? आनि तुमी चाळीस सेकंदाचा खेळ खेळतायसा न्हवं? मग दोन मिनिटं थांबा."

एकदम शांतता. मग काय झालं, तर फाटकावरचीच पोरं हँडल सोडून टाळ्या वाजवायला लागली. पाणी पिणारी सातजणं परत ट्रॅककडं धावली. मुलगी शेवटच्या वळणावर होती. टाळ्या आपल्यासाठी आहेत हे तिला आधी कळलंच नाही, मागं वळून बघितलं तिनं. शेवटचा उंचवटा मात्र उतरून नाही, बसूनच पार केला.

मी त्या दिवशी घरी गेलो आणि आदल्या वर्षीचा एक मुलगा मला आठवला. तोही असाच शेवटचा होता. त्याची शर्यत चालू असताना आम्ही फाटक सोडलं, तो घाबरून कडेला पडला, आणि नंतर कधी दिसला नाही. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर घरी जाऊन बोलावून तरी आणलं असतं. ही चूक माझी, आणि ती मला अजून टोचते.

तेव्हापासून नियम एकच. शेवटचं पोर रेषा ओलांडेपर्यंत फाटक सुटत नाही. परत सांगतो, शेवटचं पोर येईपर्यंत फाटक सुटत नाही.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. नाव विचारा. आल्याआल्या पहिल्यांदा नाव विचारा, सायकल कुठली ते नंतर. पहिल्या दिवशी ट्रॅक पायी फिरवून आणा. उड्या मारायला लावू नका. सायकल उंचवट्यावरून नुसती घरंगळू द्यायची, पाय दोन्ही एका रेषेत, बूड सीटवरनं उचललेलं, कोपरं मोकळी, नजर पुढं. झोपाळ्यावर आपण अंग खाली-वर करून वेग घेतो ना, तसाच इथं उंचवटा उतरताना हातापायांनी सायकल खाली दाबून वेग मिळतो. हे पोरांना एका मिनिटात कळतं.

हेल्मेट उसनं द्या, तोंड झाकणारं, पण आधी डोक्याला सुती रुमाल बांधायला सांगा. आपटलेलं, तडकलेलं हेल्मेट कुणाला देऊ नका. आणि नव्या पोराला काम द्या. आपल्या तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद पहिल्यांदा हौद्यातली माती उकरायला लावतो. ताक, तेल, हळद पडलेली ती माती हाताला लागली की पोरगं तालमीचं होतं. शाहू महाराजांनी 1912 मध्ये कुस्त्यांसाठी खासबाग मैदान उभं केलं, त्या गावाला हे मी वेगळं काय सांगू? फावडं हातात द्या.

पालकांना एक विनंती. लगेच महागडी सायकल घेऊ नका. सहा महिने उसनवारीवर चालू द्या. त्या पैशात पोराला रोज गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पाजा. आणि मोबाईल खिशात ठेवा. पोर उंचवट्यावर चढत असतं आणि बाप पडद्यात बघत असतो, हे बघवत नाही. तसंच आपले माळ. एकेक माळ प्लॉट पाडून संपत चाललाय. पोरांना पडायला माती शिल्लक राहिली पाहिजे, हे मी मिळेल तिथं बोलतो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली इंग्लंडच्या बेथ श्रीव्हरनं याच खेळात सुवर्ण जिंकलं. मधल्या काळात तिचा सरकारी निधी बंद झाला होता. शाळेत मदतनीस म्हणून काम करत, लोकवर्गणी काढत ती तिथवर पोचली. रेषा ओलांडल्यावर पायात गोळे येऊन ती जमिनीवर पडली, तेव्हा काही वेळापूर्वीच रौप्य जिंकलेला तिचा सहकारी काई व्हाइट धावत आला आणि तिला उचलून घेतलं. आमच्या पोरांना मी हे परत परत सांगतो.

आमची सदतीस नंबरवाली आता शेवटच्या रेषेवर उभी राहून पोरं मोजते. आठ मोजून झाले की हात वर करते. गेल्या महिन्यात सात आले आणि तिचा हात खालीच. मी ओरडलो, "काय गं?" तिनं दुसऱ्या वळणाकडं बोट दाखवलं. एक चिमुरडा सायकल ढकलत येत होता.

"थांबा की मामा. एक अजून मातीत हाय."

येत्या रविवारी या. साडेसहाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलपँट, बंद बूट. सायकल नसली तर आम्ही देऊ. आज्जी असली तर तिलाही घेऊन या, ड्रमवर जागा आहे.

नमस्कार.