डि'सोझांना अडवून चॅट सुरक्षित होत नाही

[कॅमेऱ्याकडे बघून]

गोव्यातल्या सासष्टीत कुठेही जा, डि'सोझा, डि'सिल्वा, डि'कॉस्ता भेटणारच. इंग्रजीत ही आडनावं लिहिताना मध्ये अपॉस्ट्रॉफी येतो. समजा यांतल्या कुणी कोलव्याच्या एखाद्या होमस्टेच्या साइटवर चॅट उघडलं, आडनाव टाकलं, एंटर दाबलं आणि समोर आलं 'एसक्यूएल सिंटॅक्स एरर'. तर ओळखायचं, हे चॅट बहुतेक फोडता येतं. या प्रकाराला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

का, ते बघू. चॅटचे मेसेज डेटाबेसमध्ये असतात आणि ते मागवायची भाषा एसक्यूएल. कोड लिहिणाऱ्याने क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, अशी जोडलीय:

[स्क्रीनवर]
सिलेक्ट * फ्रॉम मेसेजेस व्हेअर सेंडर = ' + नाव + '

मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे डेटाबेसला त्या दोन ' चिन्हांवरून कळतं. डि'सोझामधलं चिन्ह आलं की त्याला वाटतं, नाव संपलं. पुढचं 'सोझा' तो हुकूम समजून वाचायला जातो आणि अडखळतो. बिचाऱ्या डि'सोझांचं काम अडतं, एवढंच. पण डोकेबाज माणूस त्याच जागी लिहितो:

[स्क्रीनवर]
' ऑर 1=1 --

एक बरोबर एक, हे कायमच खरं. दोन डॅशनंतरचं सगळं डेटाबेस सोडून देतो. झालं, सगळ्यांचे मेसेज बाहेर! पुढे 'युनियन सिलेक्ट', म्हणजे दुसऱ्या टेबलातली माहिती जोडून आणणारा हुकूम, नीट जुळवलं, तर यूजर टेबलही हाती लागतं.

हे काही नवीन नाही. जेफ फॉरिस्टलने 1998 मध्ये 'फ्रॅक' या हॅकर मासिकात हा प्रकार मांडला होता. तरीही 2015 मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीच्या दीड लाखांहून जास्त ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला 4 लाख पाउंड दंड झाला.

आता आपल्याकडचा लाडका उपाय: अपॉस्ट्रॉफीवरच बंदी! 'कृपया वैध नाव टाका.' अहो, वैधच आहे ते! बरं, एवढं करून चोर थांबतो का? जुने मेसेज आणताना ब्राउझर चॅटरूमचा नंबर पाठवतो आणि क्वेरीत आकड्याभोवती ती चिन्हं नसतात. तिथे 7 च्या जागी कुणी '7 ऑर 1=1' पाठवलं, तर त्यात अपॉस्ट्रॉफी आहेच कुठे? आणि 'नंबर तर आमचाच कोड पाठवतो' यावर विसंबू नका. वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली चालू जोडणी; तिच्यावरून स्वतःच्या ब्राउझरमधून जाणारा मेसेज बदलणं कुणालाही जमतं.

खरा इलाज म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. क्वेरीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं. डेटाबेस आधी क्वेरीचा सांगाडा समजून घेतो, नाव मागाहून वेगळं जातं. मग त्यात काहीही असो, ते नुसतं नावच राहतं. त्यासाठी पीएचपीत पीडीओ, जावात प्रिपेअर्डस्टेटमेंट, पायथनमध्ये एक्झिक्यूटला वेगळा टपल, म्हणजे मूल्यांचा गठ्ठा. पीडीओ मायएसक्यूएलसोबत वापरत असाल, तर 'एम्युलेट प्रिपेअर्स' बंद करा, ते मुळात चालू असतं आणि त्यात पीडीओ स्वतःच नाव क्वेरीत घालून पाठवतो.

दोन जागा मात्र सुटतात. एक, कॉलमचं नाव. क्रम लावणाऱ्या 'ऑर्डर बाय'पुढे प्रश्नचिन्ह उपयोगाचं नाही, तिथे चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्येच ठेवा. दुसरी जास्त फसवी. टोपणनाव नोंदवताना तुम्ही ते नीट साठवलं, पण रात्री रिपोर्ट काढणाऱ्या स्क्रिप्टने ते डेटाबेसमधून उचलून थेट नव्या क्वेरीत चिकटवलं. 'आपल्याच डेटाबेसमधलं आहे, त्याची कसली भीती?' असं वाटतं, आणि तिथेच घात होतो.

शिवाय चॅटच्या डेटाबेस अकाउंटला वाचायची आणि लिहायची तेवढी परवानगी द्या. टेबल उडवायचा अधिकार त्याला कशाला हवा? एरर लॉगमध्ये जाऊ द्या, गिऱ्हाइकाला दिसायला नको.

हे करून बघायचं, तर स्वतःच्या लॅपटॉपवर डीव्हीडब्ल्यूए किंवा जूस शॉप टाका, मुद्दाम कच्ची ठेवलेली ॲप्स आहेत ती. शेजाऱ्याच्या साइटवर हात चालवू नका, आयटी कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि हो, कुणी मेसेजमध्येच स्क्रिप्ट टॅग, म्हणजे ब्राउझरने चालवायचा कोड, पाठवला, तर प्रिपेअर्ड स्टेटमेंट तो इमानेइतबारे जपून ठेवेल आणि वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तो चालू शकेल. ते एक्सएसएस, म्हणजे क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, त्याचा व्हिडिओ पुढच्या वेळी.