दाता बी

सहा आठवडे, दर आठवड्याला एक एनिमा. फक्त ५० मिलिलिटर. कुणाच्या एनिमात निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण, कुणाच्या एनिमात नुसतं पाणी. आपल्या वाट्याला काय आलं, हे रुग्णाला ठाऊक नाही आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

कॅनडातल्या हॅमिल्टनची ही चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ७५ रुग्ण. मोठ्या आतड्याला आतून व्रण, शौचातून रक्त, भर झोपेतून उठून धावावं लागणं. असं वर्षानुवर्षं सोसलेला माणूस कुठलाही उपाय करायला तयार होतो. म्हणूनच चाचणी काटेकोर हवी.

मध्यावर देखरेख समितीनं आकडे तपासले. फरक दिसण्याची चिन्हं नव्हती. नवी भरती थांबली, पण आधी आलेल्यांचे उपचार पूर्ण होऊ दिले. ते दिले म्हणून बरं! द्रावण मिळालेल्या ३८ पैकी ९ जणांचा आजार शांत झाला होता.

पाणी मिळालेल्या ३७ पैकी २ जणांचाही.

या दोघांना विसरू नका. हा आजार मधूनच आपणहून निवळतो. पाण्याचा गट नसता, तर सगळं श्रेय विष्ठेला गेलं असतं.

आणि त्या नऊपैकी सात जणांचा दाता एकच होता. कागदोपत्री त्याचं नाव, दाता बी.

म्हणजे औषध एकच म्हणायचं, पण माणूस बदलला की औषधही बदलतं. ते हाताळायचं कसं, हाही प्रश्न आहेच. विष्ठेतला फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा जिवाणू ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार करतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर जगतात. क्रोन्स या आतड्याच्याच दुसऱ्या आजाराच्या अनेक रुग्णांत तो कमी आढळतो. पण उघड्या हवेत तो काही मिनिटांत मरतो. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अनेक दात्यांची विष्ठा ऑक्सिजनविरहित पेटीत कालवली, आणि तुलनेच्या गटाला पाण्याऐवजी ज्याची त्याची स्वतःचीच विष्ठा दिली. २०१९ चा निकाल: दात्यांची विष्ठा मिळालेल्या ३८ पैकी १२ जणांचा कोलायटिस शांत झाला, विरुद्ध स्वतःची मिळालेल्या ३५ पैकी ३.

मग विष्ठेतल्या जिवाणूंच्या बीजाणूंची कॅप्सूल आली. तिच्यावर मोठी आशा होती. २०२१ मध्ये २०३ रुग्णांवरच्या चाचणीत ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली कॅप्सूलपेक्षा, सरस ठरली नाही.

घरच्या घरी हा प्रयोग करू पाहणाऱ्यांना कळकळीनं एक सांगायचं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत, दुसऱ्याच आजारासाठी केलेल्या अशा विष्ठा-प्रत्यारोपणानंतर एक रुग्ण दगावला. दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय त्याच्या शरीरात गेला होता. त्या विष्ठेची या जिवाणूसाठी तपासणीच झाली नव्हती. ती तिथे आता सक्तीची आहे.