शेजारच्या गच्चीचा आकडा

सूर्य मावळून दहा-पंधरा मिनिटे झाली, की पुण्यातील आमच्या गल्लीत मोबाइलवर आकडे येऊ लागतात. १४.१. २०. ९.५. गच्चीवरील सौरसंचाने दिवसभरात किती युनिट वीज तयार केली, त्याच्या या नोंदी आहेत, आणि सहा घरे गेली दोन वर्षे त्या एकमेकांना न चुकता कळवत आली आहेत.

नुसत्या युनिटांवरून मात्र फारसे काही कळत नाही. मार्चमधील एका निरभ्र दिवशी आमच्या ३ किलोवॉटच्या संचाने १४.१ युनिट दिले आणि समोरच्या बंगल्यातील काकांच्या ५ किलोवॉटच्या संचाने २०. युनिटांना किलोवॉटने भागले, तेव्हा आमचे ४.७ आले आणि काकांचे ४. हा भागाकार पॅनेलच्या एकूण क्षमतेने करायचा असतो, इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राच्या) नव्हे, कारण अनेक घरांत हे दोन आकडे वेगळे असतात. महाराष्ट्रात वर्षभराची सरासरी काढली, तर एका किलोवॉटमागे दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात. त्यामुळे काका आपल्या आकड्यावर समाधानी होते, आणि त्यांच्या जागी कोणीही राहिले असते. पण मार्च म्हणजे वर्षातील चांगल्या महिन्यांपैकी एक, आणि रस्त्यापलीकडे तेच ऊन अधिक वीज देत होते.

कमी वीज मिळण्याचे कारण ढग आहे की बिघाड, हे एकट्या गच्चीला सांगता येत नाही. दोन गच्च्या शेजारी ठेवल्या, की आकाश दोघींनाही सारखेच असल्याने उरतो तो फरक संचाचाच असतो.

म्हणून आम्ही काकांच्या इन्व्हर्टरचा दिवसभराचा आलेख उघडला. निरभ्र दिवशी हा आलेख एखाद्या गोलसर टेकडीसारखा दिसायला हवा. तिथे मात्र बाराच्या सुमारास, जिथे टेकडीचा माथा असायचा, तिथेच रेषा एकदम शून्यावर कोसळत होती, काही मिनिटांनी उठत होती आणि पुन्हा कोसळत होती. दोष पॅनेलचा नव्हता, धुळीचाही नव्हता. ग्रिडकडे, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याकडे, वीज जोरात जात असताना इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज वाढते, आणि ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होतो. काकांच्या गच्चीपासून मीटरपर्यंतची केबल लांब आणि बारीक असल्यामुळे ही वाढ अधिकच होत होती. जाड केबल टाकल्यावर टेकडी पुन्हा अखंड झाली. वीजबिलातून हे कधीच उमगले नसते, कारण नेट मीटर ग्रिडकडून घेतलेले आणि ग्रिडला दिलेले युनिट मोजतो. दुपारी घरातच वापरली गेलेली वीज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

धुळीचा हिशेबही असाच लागतो. दोन घरांच्या प्रतिकिलोवॉट आकड्यांचे गुणोत्तर आठवडाभर स्थिर राहिले, मग एकाने सकाळच्या गारव्यात साध्या पाण्याने पॅनेल धुतले, तर त्यानंतर गुणोत्तरात पडलेला फरक हाच धुण्याचा खरा फायदा होय.

मे महिन्यात ऊन सर्वांत कडक असूनही आकडे अपेक्षेइतके का वाढत नाहीत, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे ती सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मेमधील दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर दहा टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच जाते. हे नुकसान सहाही घरांचे जवळपास सारखेच होते, म्हणून त्याची काळजी करावी लागत नाही.

आकडे पाठवताना पॅनेलची दिशा, उतार आणि सावली हे तपशील सोबत द्यावेत, अन्यथा कडुनिंबाच्या सावलीतील संचावर उगाच अन्याय होतो. नोंद मात्र निर्मितीचीच द्यावी, घरातील वापराची नको. वापराच्या आलेखावरून घर केव्हा रिकामे असते, हे कोणालाही ताडता येते.

ब्रिटनमध्ये अशाच नोंदींचा उपयोग मोठ्या प्रमाणावर होतो. घरोघरच्या छोट्या संचांची वीज तिथल्या ग्रिडचालकाला थेट मोजता येत नाही; म्हणून शेफिल्ड विद्यापीठातील शेफिल्ड सोलर हा गट निवडक संचांच्या नोंदींवरून देशभरातील सौरनिर्मितीचा अंदाज दर अर्ध्या तासाला काढतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि आमच्या गल्लीतही संच वाढत आहेत. कोपऱ्यावरील सातव्या घराच्या गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहिला आहे. तिथल्या आजींनी कालच विचारले, की पहिला आकडा कोणाला पाठवायचा.