बेलीफ दाराशी आल्यावर

(दृश्य: दिवाणी न्यायालयाचा व्हरांडा, दोऱ्याने बांधलेल्या फायली)

पैशाच्या दाव्याचा निकाल लागतो, हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निवाडा, धनकोच्या (ज्याचे पैसे येणे आहेत त्याच्या) बाजूने होतो. पण रक्कम अजून हाती आलेली नसते. ऋणकोने, म्हणजे देणेकऱ्याने, आपणहून पैसे भरले नाहीत, तर धनकोला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते, दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज घेऊन. त्यासाठी कायदा १२ वर्षांची मुदत देतो. अशा दरखास्ती वर्षानुवर्षे पडून राहतात, म्हणून त्या सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. आणि धनको म्हणजे नेहमी बडा सावकारच असतो असेही नाही. केलेल्या कामाचे पैसे बुडालेला छोटा कंत्राटदारही या रांगेत उभा असतो.

जप्त काय करायचे, हे शोधणे धनकोचे काम. ऋणकोने आपली मालमत्ता शपथेवर जाहीर करावी, असा आदेश धनकोला न्यायालयाकडून मिळवता येतो. तो आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

(दृश्य: घराचा दरवाजा, हातात वॉरंट घेतलेला बेलीफ)

मग बेलीफ, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणारा कर्मचारी, येतो. त्याच्याकडच्या वॉरंटवर न्यायालयाचा शिक्का आणि सही असते, बजावणीची शेवटची तारीख असते. ते वॉरंट जरूर वाचून घ्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. घर ऋणकोच्याच ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल, तरच बाहेरचा दरवाजा तोडता येतो.

टीव्ही, फ्रिज, गाडी, शेअर या वस्तू जप्त होऊ शकतात. बँकेतल्या ठेवीवर मनाई हुकूम येतो. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० काही गोष्टींना हात लावू देत नाही, आणि हे कलम कर्जात अडकलेल्या प्रत्येक घराला माहीत असायलाच हवे. ऋणकोचे, त्याच्या बायकामुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, आणि पोट भरण्यासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी गुरे व बियाणे. मजुराची मजुरी. भविष्य निर्वाह निधी.

सुताराचा रंधा यात सुरक्षित आहे. पण कायदा १९०८ सालचा, आणि रिक्षाचा त्यात कुठे उल्लेख नाही. जिच्यावर आज अख्खे घर चालते त्या गाडीचे नाव या यादीत यायला हवे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

(दृश्य: पगाराची पावती)

पगाराचे गणित नीट समजून घ्या. पोटगीचा हुकूमनामा नसेल, तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर राहतात. समजा, या हिशेबात धरला जाणारा पगार ३१,००० रुपये आहे. त्यातले १,००० बाजूला गेले, ३०,००० मधले २०,००० वाचले, म्हणजे महिन्याला १०,००० कापले जातील. एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण २४ महिने चालली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो.

कर्जाच्या कागदावर ‘ही सवलत मी सोडत आहे’ असे लिहून सही घेतली असेल तर? तो करारच कायद्याने रद्दबातल आहे. सही तुमची असली तरी.

बेलिफाने भावाची मोटरसायकल किंवा भाड्याने आणलेली मशीन जप्त केली, तर खऱ्या मालकाने लिलावाआधी न्यायालयात हरकत घ्यावी. हरकत मुद्दाम उशिरा घेतली असे दिसले, तर न्यायालय ती ऐकायलाच नकार देऊ शकते.

(दृश्य: लिलावाचा जाहीरनामा भिंतीवर चिकटवला जात आहे)

जप्त वस्तूंचा लिलाव जाहीर होतो. लवकर खराब होणारा माल सोडला, तर ऋणकोच्या लेखी संमतीशिवाय जाहीरनामा लागल्यापासून सात दिवस तरी विक्री करता येत नाही. हुकूमनामा मिळवलेल्या धनकोलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय बोली लावता येत नाही. आणि शेवटची बोली पक्की होण्याआधी ऋणकोने पूर्ण रक्कम, लिलावाच्या खर्चासह, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवली, तर लिलाव तिथेच थांबवावा लागतो.