रिक्लायनरचा लेग रेस्ट: १० सेंटिमीटर कुठे जातात आणि ते परत कसे आणायचे

[समोरून. रिक्लायनरवर एक जण बसलेला, लेग रेस्ट मिटलेला. हातात खडू.]

नमस्कार. आधी खडूचा एक प्रयोग करू. पाय खाली सोडलेले आहेत. पॅडची खालची कड पायावर जिथे येते, तिथे पँटवर एक रेघ मारतो. आता लेग रेस्ट वर घ्या. सावकाश.

[जवळून: रेघ आणि पॅडची कड]

बघा, रेघ मागे राहिली आणि पॅडची कड गुडघ्याकडे सरकली. मोजलं तर जवळपास १० सेंटिमीटर. मघाशी टाचेच्या जरा वर असलेली कड आता पोटरीखाली रुततेय, आणि पँट वर ओढली गेलीय ती वेगळीच. "लेग रेस्ट आखूड पडतो" ही तक्रार ऐकली की बहुतेक जण पॅड लांब करायला घेतात. पण मिटलेला पॅड जमिनीला टेकतो आणि काम अडतं. खरी भानगड पॅडच्या लांबीत नाही, बिजागरीच्या जागेत आहे.

[फळ्यावर बाजूची आकृती]

गुडघा ज्या बिंदूभोवती वळतो तो सीटच्या वर असतो. बिजागरी मात्र सीटच्या खाली, पुढच्या कडेला. या दोघांत १० सेंटिमीटरचं अंतर धरू, बिजागरी बरोबर गुडघ्याच्या खाली. पाय उभा लोंबतोय तेव्हा बिजागरीपासून ३२ सेंटिमीटरवर असलेली पॅडची कड गुडघ्यापासून ४२ वर येते. पाय आडवा झाला की तीच कड गुडघ्यापासून ३२ वर. हे गेलेले १० म्हणजे गुडघा आणि बिजागरी यांच्यातलं उभं अंतर. बिजागरी गुडघ्याच्या पुढे असेल तर ती जितकी पुढे तितकं वजा करा. म्हणून आपली खुर्ची आखताना पहिलं माप हेच घ्या, आणि माणूस बसवून घ्या. रिकाम्या सीटवर घेतलं तर फोम दबलेला नसतो आणि आकडा चुकतो.

आता उपाय. लेग रेस्ट वर येताना आपोआप लांब झाला पाहिजे, म्हणजे पॅड रुळांवरून पुढे सरकला पाहिजे. व्हीलचेअरच्या चांगल्या लेग रेस्टमध्ये हीच युक्ती असते. दोन्ही बाजूंना एकेक दांडी द्यायची. दांडीचं एक टोक खुर्चीच्या स्थिर बाजूला, हाताच्या आतल्या फळीवर, बरोबर गुडघ्याच्या उंचीला. दुसरं टोक सरकत्या पॅडच्या चौकटीला. दांडी ३५ सेंटिमीटरची. मिटलेल्या स्थितीत दांडीचा खालचा सांधा बिजागरीपासून २५ वर असतो. आडवं केल्यावर किती? ३५ चा वर्ग १२२५, त्यातून १० चा वर्ग १०० वजा, ११२५ चं वर्गमूळ साधारण ३३.५. म्हणजे पॅड साडेआठ सेंटिमीटर आपोआप पुढे गेला. १० पैकी साडेआठ परत मिळाले, आणि राहिलेलं दीड पायाला जाणवतही नाही. पूर्ण १० च्या हट्टापायी सांधा पॅडपासून वर उचलणारे कंस लावू नका. ते पायाला लागतात.

दांडी एकाच बाजूला लावून भागेल का? नाही. एका बाजूने ढकललेला पॅड तिरका होतो आणि अडकतो, ओलसर पावसाळ्यात फुगलेल्या ड्रॉवरसारखा. का ते पुढे येतंच आहे.

आता माणसामाणसातला फरक. गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी बुटक्या आणि उंच माणसांत सहज १० सेंटिमीटरने बदलते. तो फरक भरायला दांडीच लांब-आखूड होणारी करा, नळीत सळई. सळईवर दर २२ मिलिमीटरला एक खळगा, एकूण ६ खळगे, आणि नळीत स्प्रिंगवरची गोळी. दांडी ३५ पासून ४६ पर्यंत जाते, पॅड बिजागरीपासून ५२ सेंटिमीटरपर्यंत पोचतो.

इथे खिट्टी किंवा बोल्ट का नको? कारण माणूस उठताना पॅड आत ढकलायला विसरतो. बिजागरी जमिनीपासून ३८ वर आहे. दांडी ४६ ला ठेवून लेग रेस्ट मिटला तर त्याची लांबी ४३ होते, आणि साधारण ६० अंशांवर टोक जमिनीला लागतं. खिट्टी असेल तर काहीतरी वाकणार, नाहीतर फरशीवर ओरखडा उठणार. गोळी मात्र खळग्यातून सुटते आणि पॅड आत सरकतो. टोकाला दोन छोटी नायलॉनची चाकं लावा म्हणजे हे गुपचूप होतं. गोळीचा जोर किती ठेवायचा? गुडघ्याखालचा एक पाय शरीराच्या वजनाच्या ६ टक्क्यांच्या आसपास भरतो. १०० किलोच्या माणसाचे दोन्ही मिळून १२ किलो. लेग रेस्ट ३० अंश खाली झुकलेला असताना त्यातले ६ किलो पॅडला बाहेर ओढतात, पॅडचं स्वतःचं वजन आणखी एखादा किलो. म्हणून दोन्ही दांड्या मिळून ९ ते १० किलोला सुटाव्यात. ६ ला सुटल्या तर पॅड पायाबरोबर घसरेल. २० ला सुटल्या तर जमीन झिजेल, गोळी नाही.

[टेबलावर पाइप, कॅलिपर]

आता रुळ, आणि इथे जरा थांबू. बाहेरचा चौकोनी पाइप ३० बाय ३०, जाडी २ मिलिमीटर. आतला २० बाय २०, जाडी २. आतली पोकळी २६, म्हणजे चारी बाजूंना ३ मिलिमीटर. त्यात नायलॉनचे किंवा ॲसिटल नावाच्या कडक प्लास्टिकचे बुश, म्हणजे दोन पाइपांमधलं घासणारं अस्तर. २५ च्या पाइपात २० चा सरळ बसतो हे खरं, पण आतल्या वेल्डच्या शिवणीवर तो घासतो आणि बुशला जागाच उरत नाही. ३० च्या पाइपातही बुश बसवण्याआधी ती शिवण कानशीने घासून घ्या. बोट फिरवून बघा, कॅलिपरला ती सापडत नाही.

एक बुश बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी, दुसरा आतल्या पाइपच्या शेपटीला. पाइप ३० सेंटिमीटरचे, सरक २० ची, म्हणजे पूर्ण बाहेर असताना १० सेंटिमीटर आत राहतात. या १० चं कारण ऐका. सरकणारी वस्तू मध्यापासून दूर ओढली की ती तिरकी होते, आणि दोन बुशांतल्या अंतराच्या दुपटीपेक्षा दूर ओढली तर नेहमीच्या घर्षणालाही ती घट्ट अडकते. आपले दोन रुळ एकमेकांपासून २० सेंटिमीटर. एक अडकला आणि दुसऱ्यावर ओढलं तर अंतर २०, त्याला १० आत हवेतच. रुळ ३० वर ठेवलेत तर १५ आत लागतील, आणि तेवढी जागा ३२ सेंटिमीटरच्या मिटलेल्या लेग रेस्टमध्ये नाही. रुळ लांब लांब ठेवले की भक्कम वाटतं. त्या वाटण्याला भुलू नका.

बुशमधली मोकळीक एकूण ०.४ मिलिमीटर. टोकाचा झोल म्हणजे मोकळीक गुणिले बाहेरची लांबी भागिले आतली लांबी. इथे ०.४ गुणिले २०, भागिले १०, म्हणजे ०.८ मिलिमीटर. हीच मोकळीक १ केली तर २ मिलिमीटर, आणि पाय टेकवला की खट्ट असा आवाज. पावडर कोटिंग झाल्यावरच बुश घासून बसवा. आतल्या पाइपला रंग देऊच नका, पॉलिश करून मेणाचा हात फिरवा. ग्रीस लावलं तर धूळ चिकटते आणि तिचं सँडपेपर होतं.

वेल्डिंग करताना आतले पाइप घालून ठेवा, आधी चारही कोपऱ्यांना फक्त टॅक, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका मारा, कर्ण मोजा. दोन कर्णांत १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडून परत जुळवा. वेल्ड थंड होताना पाइप ओढतो. एकदा पूर्ण शिवण मारली की तो फरक कायमचा. आणि शेपटीच्या बुशमागे ६ मिलिमीटरचा अडवणीचा बोल्ट विसरलात, तर पॅड पूर्ण निघून खाली पडेल.

जाडी २ का, १.२ का नाही? पायांच्या १२ किलोंना १.२ पुरते. पण कुणीतरी टोकावर बसणारच. ८० किलोचा माणूस रुळाच्या तोंडापासून २५ सेंटिमीटरवर बसला तर २ मिलिमीटरच्या दोन पाइपांत ताण साधारण १२७ मेगापास्कल येतो. साध्या लोखंडाला वाकायला २४० च्या आसपास लागतात. १.२ मध्ये तोच ताण १८७ होतो, आणि वेल्डजवळ तेवढा भरवसा ठेवू नये.

पाइप टिकला तरी खुर्ची उलटते, ते वेगळं. रिकामी खुर्ची ३५ किलोची, तिचा गुरुत्वमध्य पुढच्या पायापासून ३५ सेंटिमीटर मागे. टोकावरचं वजन पुढच्या पायाच्या ४५ पुढे. हिशोब करा, २७ किलोलाच खुर्ची पुढे कलंडते. पुढचा पाय १२ सेंटिमीटर पुढे आणला की हाच आकडा ५० च्या जवळ जातो. मोठ्या माणसासाठी तेवढंही पुरेसं नाही, म्हणून टोकावर "इथे बसू नये" असं छापा.

[जवळून: टाच आणि पॅडची कड]

कड कुठे संपवायची? दोनच जागा बऱ्या. एक तर टाचेच्या ५ ते ६ सेंटिमीटर पलीकडे, पूर्ण पाऊल पॅडवर. नाहीतर घोट्याच्या बऱ्याच वर, टाच मोकळी लोंबती. तिसरी जागा, म्हणजे टाचेच्या वरची शीर कडेवर टेकणं, ही सगळ्यात वाईट, आणि लांबी जुळत नाही तेव्हा नेमकी तीच मिळते. कड गोल करा, किमान २५ मिलिमीटर त्रिज्या. गुडघ्याच्या लवणीखाली मात्र काही नको. तिथून शिरा वरवर जातात.

पॅड पुढे गेला की सीट आणि पॅड यांच्यात खिंडार पडतं. वरून पोटरीला त्याचा त्रास नाही, धोका मुलांचा आहे. रिक्लायनरच्या सीट आणि लेग रेस्टमधल्या फटीत लहान मुलाचं डोकं अडकल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने इशारा दिलेला आहे. मूल लेग रेस्टवर चढतं, तो खाली जातो. म्हणून सीटच्या कडेपासून पॅडच्या कडेपर्यंत जाड कॅनव्हासचा पडदा शिवा, खालून इलॅस्टिकने ओढलेला, म्हणजे मिटताना चुण्या आत जातात. दांडी आणि पॅड यांच्यातली फट एक तर ८ मिलिमीटरच्या आत, नाहीतर २५ च्या वर. मधलं काहीही बोट चिरडतं.

मोटर लावणार असाल तर एवढंच: मोटरने लेग रेस्ट वर ढकलावा, खाली ओढू नये. मिटताना तो स्वतःच्या वजनाने उतरला तर मध्ये पाय किंवा मांजर आलं तरी मोटर दाबत राहत नाही.

पाठीशी सांगड विसरू नका. मांडीमागचे स्नायू खुब्याचा सांधा आणि गुडघा दोन्ही ओलांडतात. पाठ ताठ ठेवून पाय पूर्ण सरळ केले की ते ओटीपोटाचा सांगाडा पुढे ओढतात, आणि माणूस पाच मिनिटांत सीटवरून घसरायला लागतो. लेग रेस्टचा वरचा थांबा असा ठेवा की गुडघा किमान ५ ते १० अंश वाकलेला राहील, आणि पाठ मागे गेल्याशिवाय लेग रेस्ट त्या थांब्यापर्यंत येणार नाही. स्कायलॅब या अंतराळस्थानकातल्या अंतराळवीरांच्या मापांवरून नासाने जी सैल शरीराची ठेवण नोंदवली, तिच्यात गुडघ्याचा कोन १३३ अंश आहे, १८० नाही.

[शेवटचं दृश्य: टोकावर पाण्याचे दोन कॅन]

तयार झाल्यावर पॅड पूर्ण बाहेर काढा. खुर्चीवर माणूस बसवा, टोकावर २० लिटरचे दोन कॅन भरून ठेवा, म्हणजे ४० किलो. दहा मिनिटांनी उतरवा आणि टोकाची जमिनीपासूनची उंची आधीच्या मापाशी ताडून बघा. २ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आलं असेल तर आधी बुश काढून बघा, पाइप नाही. बुशवर एकाच कोपऱ्यात चकाकी दिसली, तर रुळ समांतर नाहीत.