विष्णुशास्त्री, पण कोणते?

(पडद्यावर : वर्तमानपत्राची पिवळी पडलेली पानं, शिळाछापाची अक्षरं, कोपऱ्यात शक आणि तिथी)

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वर्तमानपत्रांत ‘विष्णु’ हे नाव शोधायला बसलात, तर पानापानावर भेटेल. शोधताना मात्र ‘ष्णु’ ऱ्हस्व टंका. शेवटचा उकार दीर्घ लिहायचा हा नियम १९६२चा. त्याआधीच्या छापील मजकुरात ‘विष्णू’ शोधाल, तर निम्मी माणसं हातची जातील.

१८५७च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी गर्दी जमायची. विष्णु भिकाजी गोखले, म्हणजे लोकांचे विष्णुबुवा ब्रह्मचारी, तिथे पाद्र्यांशी हिंदू धर्मावर जाहीर वाद घालत. हे सोपे विष्णु. ‘बुवा’ लावलेलं दिसलं की ओळख पटते.

घोळ होतो तो ‘विष्णुशास्त्री’ या नावाशी.

(पडद्यावर : ‘इंदुप्रकाश’चं शीर्षक)

१८६२ साली मुंबईत ‘इंदुप्रकाश’ निघाला. अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. त्याच्या मराठी बाजूचे संपादक विष्णु परशुरामशास्त्री पंडित. विधवांचे पुनर्विवाह शास्त्राला मान्य आहेत, हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ईश्वरचंद्र विद्यासागरांचा या विषयावरचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १८६९च्या जून महिन्यात त्यांच्या मंडळींनी मुंबईत एक पुनर्विवाह लावून दिला आणि मग बहिष्काराचं सत्र सुरू झालं. १८७०मध्ये पुण्यात याच प्रश्नावर मोठा शास्त्रार्थ झाला. निर्णय सुधारकांच्या विरोधात गेला. पंडित मागे हटले नाहीत. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी स्वतःही एका विधवेशीच लग्न केलं. बोलणारे सुधारक तेव्हाही पुष्कळ होते, करणारे थोडे. म्हणून या माणसाचं नाव आज इतक्या कमी लोकांना ठाऊक असावं, याचं वाईट वाटतं.

आणि ते ठाऊक नसण्याचं एक कारण दुसरे विष्णुशास्त्री आहेत.

(पडद्यावर : ‘निबंधमाले’चं मुखपृष्ठ)

विष्णु कृष्णशास्त्री चिपळूणकर. जानेवारी १८७४मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. चौऱ्याऐंशी अंक, जवळजवळ सगळे एकहाती. त्यांत लोकहितवादींवर टीका, जोतीराव फुल्यांवर टीका, मिशनऱ्यांवर तर आसूडच. १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१मध्ये ‘केसरी’ आणि १८८२च्या मार्चमध्ये मृत्यू. वय अवघं एकतीस. आज नुसतं ‘विष्णुशास्त्री’ म्हटलं की मराठी माणसाला हेच आठवतात.

मग जुन्या पानावर आडनावाशिवाय ‘विष्णुशास्त्री’ दिसले, तर कोणते समजायचे? तारीख १८७४च्या आधीची असेल, तर बहुधा पंडित. १८७६नंतरची असेल, तर चिपळूणकर, कारण त्या वर्षी पंडित वारले. मधल्या दोन-अडीच वर्षांत मात्र दोघेही हयात, दोघांच्याही हाती लेखणी, आणि एक सुधारकांचा पुढारी तर दुसरा सुधारकांचा कडवा टीकाकार. इथे तारीख उपयोगाची नाही. मजकूर वाचावा लागतो. नाव घेणारा कोण आहे, रागावून घेतोय की आदरानं, पत्र पुण्याहून आलंय की मुंबईहून, हे पाहावं लागतं. शोधयंत्राला यातलं काहीच कळत नाही. ते दोघांना एकाच यादीत शेजारी बसवतं. हयातीत हे दोघे एका बाजूला बसले असते असं वाटत नाही!

(पडद्यावर : तंबोरा, मग स्वरलेखनाचं पान)

शतक उलटलं की शास्त्री मागे पडतात आणि विष्णु गायनाच्या बातम्यांत दिसू लागतात. तिथेही पुन्हा दोघेच. १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर, आणि १९१६मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरवणारे, वकिली शिकलेले विष्णु नारायण भातखंडे. दोघेही पंडित, दोघांचीही स्वतःची स्वरलेखनपद्धती. सूची करणाऱ्यांनी एवढं सांभाळावं : ‘दिगंबर’ हे आडनाव नव्हे, वडिलांचं नाव आहे. विष्णु दिगंबर शोधायचे ते ‘प’खाली, पलुसकर म्हणून.